क्षिप्रेची नाडी

उज्जैनच्या राम घाटावर उभा राहिलो की क्षिप्रेचे पाणी आणि रुग्णाचे रक्त यांतील साम्य मला जाणवते. दोन्हीकडे आम्ल-अल्कतेचा तोल प्रामुख्याने बायकार्बोनेट सांभाळते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ राहतो, फुप्फुसे मिनिटांत कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडे सावकाश आम्ल. नदीत दिवसा शेवाळ तोच वायू शोषते आणि सामू चढतो. रात्री श्वसनाने उतरतो. म्हणून एकाच वेळचा नमुना फसवा ठरतो. शिवाय सांडपाणी मिसळले तरी बायकार्बोनेट आकडा सावरून धरते. सामू प्राकृत, तरी रुग्ण अत्यवस्थ, हा अनुभव आपणा वैद्यांना नवा नाही. नदीला मूत्रपिंडे नाहीत. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी तिच्यात मिसळणारे सांडपाणी थांबवणे, हाच तिच्यावरील खरा उपचार होय.