कपाटाची किल्ली

शाळेतला ग्रंथपाल म्हणजे पुस्तके देणारा-घेणारा माणूस, असा आपला समज असतो. सातवीत असताना माझाही तोच होता. मला वाचनाचा कंटाळा. मधल्या सुट्टीत सायकलची चेन काढून बसवण्यात मी रमायचो. आमच्या ग्रंथपाल बाईंनी ते पाहिले आणि एके दिवशी यंत्रांच्या चित्रांचे पुस्तक हातावर ठेवले. तिथून मी वाचू लागलो.

पुढे कळले, त्यामागे शास्त्र होते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री १९३१ साली प्रसिद्ध झाली. त्यातली दोन सूत्रे अशी : प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालायची तर पुस्तके विषयवार लावावी लागतात, चाळावी लागतात आणि मुलेही ओळखावी लागतात. याला वेळ लागतो. पण ग्रंथपालाला रोज रिकाम्या तासांवर पाठवले, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई त्याच्याकडूनच मागितली, की तो कपाटाला कुलूप लावून मोकळा होतो. दोष एकट्या त्याचा नसतो.

१२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन साजरा होतो. हारतुरे जरूर व्हावेत. पण पालकांनी शाळेत एवढेही विचारावे, की कपाट उघडे असते ना?