बालकांची वाढ, कीटकनाशके आणि गावचा दवाखाना

पिकावरील किडीचा बंदोबस्त करण्यासाठी कीटकनाशकांचा उपयोग आता गावोगाव होतो. औषध कोणते घ्यावे, प्रमाण किती ठेवावे, फवारणी केव्हा करावी, हे आपले कृषि कार्यकर्ते शेतकऱ्यांना सांगतच असतात. परंतु त्याच औषधाचा अंश घरातील तान्ह्या बालकाच्या शरीरात गेल्यास काय होते, आणि ते ओळखण्यासाठी दवाखान्यातील डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविका यांना कोणते शिक्षण मिळावयास हवे, याचा विचार क्वचितच होतो. हे काम केवळ आरोग्य खात्याचे नाही. त्यात कृषि कार्यकर्त्याचाही वाटा आहे.

बालकास धोका अधिक का?

क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील आहेत. मज्जातंतूंच्या कामास आवश्यक असणारे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य ती निकामी करतात. कीड मरते ती यामुळेच. मनुष्याच्या मज्जातंतूंचे कामही याच द्रव्यावर चालते, म्हणून हे विष त्यालाही बाधते.

मोठ्या माणसास जेवढे विष सोसते तेवढे बालकास सोसत नाही. वजनाच्या मानाने बालक अधिक हवा आत घेते, अधिक अन्नपाणी घेते आणि त्याची त्वचाही वजनाच्या मानाने अधिक पसरलेली असते. ते जमिनीवर रांगते व हाती येईल ते तोंडात घालते. शिवाय हे विष शरीरात निष्प्रभ करणारी शक्ती नवजात अर्भकात फारच अल्प असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर्भावस्थेपासून पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण होत असते. या काळात झालेली हानी पुढे भरून निघेलच असे नाही.

हानी दोन प्रकारची

पहिली हानी तत्काळ दिसणारी. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर 23 मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. 2023 मध्ये केंद्र सरकारने या औषधाच्या 36 टक्के द्रावणावर बंदी घातली. तथापि जुन्या बाटल्या एखाद्या माळ्यावर राहिलेल्या असू शकतात.

दुसरी हानी सावकाश होणारी, म्हणून सहसा ध्यानात न येणारी. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅलिनास हे भाजीपाल्याचे मोठे खोरे आहे. तेथील शेतमजूर कुटुंबांतील गरोदर स्त्रियांची नोंद 1999 पासून करून बर्कली येथील विद्यापीठाने त्यांच्या मुलांची वाढ अनेक वर्षे तपासली. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत या वर्गातील औषधांचे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्धिगुणांक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरीने 7 गुणांनी कमी भरला. या माता विषबाधेचे रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या. त्या शेतीच्या परिसरात नित्याप्रमाणे राहणाऱ्या होत्या. अशा अभ्यासावरून अमुक एका मुलाचा मंदपणा औषधामुळेच आला असे ठरविता येत नाही. परंतु सावधगिरी बाळगण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

दवाखान्यात चूक कोठे होते?

मोठ्या माणसास या औषधांची बाधा झाली म्हणजे लाळ गळणे, घाम, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, दम लागणे ही लक्षणे दिसतात. लहान मुलात ती सर्व दिसतीलच असे नाही. मूल सुस्त व लुळे पडते, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अशा वेळी मेंदूज्वर, फिट किंवा हगवण समजून उपचार होण्याचा संभव असतो, आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

यात डॉक्टरांस दोष देणे योग्य नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2012 मध्ये कबूल केले की, कीटकनाशकांविषयीचे शिक्षण डॉक्टरांना अपुरे मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने बालके व विषारी रसायने या विषयावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे पाठ तयार केले आहेत. त्यांचा मुख्य भर आहे तो योग्य प्रश्न विचारण्याच्या सवयीवर.

विचारावयाचे प्रश्न

खरीप हंगामापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ध्या दिवसाचा वर्ग घेतला तरी पुढील प्रश्न सर्वांच्या अंगवळणी पडतील :

1. गेल्या दोन दिवसांत घरी, शेतात किंवा शेजारी फवारणी झाली काय? औषध कोणते?
2. औषध व पंप घरात कोठे ठेवता? पंप कोठे धुता?
3. रिकाम्या डब्यात पाणी, तेल वा धान्य ठेवता काय?
4. फवारणीचे कपडे कोण धुते? त्याच कपड्यांनी मुलाला उचलून घेतले काय?
5. माता गरोदर असताना फवारलेल्या शेतात काम करते काय?
6. घरातील आणखी कोणास किंवा जनावरांस त्रास झाला आहे काय?

पाचवा प्रश्न गरोदर मातेच्या प्रत्येक भेटीत विचारावा. बाळ मान केव्हा धरते, केव्हा बसते, केव्हा बोलते, याची नोंद माता-बाल कार्डावर होतच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून वाढीतील विलंबाची तपासणीही होते. मूल मागे पडलेले दिसल्यास वरील प्रश्नांची उत्तरेही त्याच नोंदीस जोडावीत.

कृषि कार्यकर्त्याचे काम

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी डॉक्टरांस प्रथम हवे असते ते औषधाचे नाव; कारण उपचार त्यावर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपीन व पॅम ही इंजेक्शने उपयोगी पडतात; पॅराक्वॅट या तणनाशकावर मात्र खात्रीचा उतारा नाही. कायद्याने प्रत्येक डब्यासोबतच्या पत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा छापणे बंधनकारक आहे. कृषि कार्यकर्त्याने हंगामापूर्वी गावात खपणाऱ्या औषधांची यादी करावी, त्यांची पत्रके गोळा करावीत आणि एक प्रत आरोग्य केंद्रात व एक आशा सेविकेकडे द्यावी. आरोग्य केंद्रातील वर्गास त्याने स्वतः हजर राहावे. डॉक्टरांस रोग ठाऊक असतो, पण शेतात या आठवड्यात काय फवारले जात आहे, हे आपल्यालाच ठाऊक असते.

शेतकरी बंधू-भगिनींनी

औषध कुलपात ठेवावे. रिकामे डबे तीनदा धुऊन ते पाणी पंपात ओतावे व डबे छिद्रे पाडून निकामी करावेत. फवारणीनंतर अंघोळ करून मगच मुलाला जवळ घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत. गरोदर स्त्रिया व मुलांना फवारणीपासून दूर ठेवावे. बाधेची शंका येताच अंगावरील कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे व 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरी उलटी करविण्याच्या खटपटीत पडू नये. आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्याचे पत्रक बरोबर न्यावयास विसरू नये. विषाचे नाव कळले, तर मुलावरील उपचारात वेळ वाया जाणार नाही.