शुगर तपासली, पुढचं विचारलंच नाही

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत शुगर तपासणी आता कुणाला नवी नाही. तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरायला आशाताई दारात येते. फॉर्मात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत : स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्त गेलं का, संबंधांनंतर रक्तस्राव होतो का. हे सगळे कर्करोग हेरण्यासाठी. संबंधांच्या वेळी दुखतं का, कोरडं पडतं का, मनच उडालंय का, हे मात्र त्यात नाही. मधुमेहाचा बाईच्या कामजीवनावर परिणाम होतो, हे नोंदवलं गेल्याला अर्धशतक उलटलं आहे.

मराठीत कामजीवनाचा विषय त्याही आधीचा. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्यापायी १९३४ मध्ये कोर्टात उभं राहावं लागलं, तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. तरी पुढची कित्येक वर्षं दवाखान्यात 'लैंगिक तक्रार' म्हटलं की ती पुरुषाचीच, असंच चाललं.

सोलापूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. ते जेमतेम आठ वर्षांचं असताना, १९७१ मध्ये, अमेरिकेत संशोधक रॉबर्ट कोलोड्नी यांनी मधुमेह असलेल्या १२५ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३५ टक्क्यांहून अधिक जणींना आदल्या वर्षभरात एकदाही कामतृप्ती लाभली नव्हती. मधुमेह नसलेल्या १०० जणींत हे प्रमाण ६ टक्के होतं. पुरुषांच्या दुबळेपणावर तोवर बरंच लिहून झालं होतं. बायकांना असं सरळ विचारणं हीच त्यातली नवलाई होती.

कारणं पुढे उलगडत गेली. योनीतला ओलावा तिथल्या रक्तप्रवाहावर अवलंबून असतो. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा पोखरते. मग कोरडेपणा येतो, संवेदना बोथट होते. साखर चढी राहिली की बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. खाज, आग, अंगावरून पांढरं जाणं, आणि त्यात संबंध म्हणजे शिक्षाच. पाळी जायच्या वयात हे सगळं अधिकच जाणवतं.

१९९८ साली पुरुषांच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी आली आणि पुरुषांचा प्रश्न एकदम चव्हाट्यावर आला. बायकांवरही ती गोळी आजमावली गेली, पण फायदा ठामपणे दिसेना. २००४ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने तो नाद सोडला. दरम्यान २००० साली बायकांसाठी १९ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली होती : इच्छा, उत्तेजना, ओलावा, तृप्ती, समाधान, वेदना. मोजायला साधन मिळालं. २००९ मध्ये टाइप-१ मधुमेहाच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत ३५ टक्के स्त्रियांना हा त्रास आढळला. सगळे घटक एकत्र तपासल्यावर त्याच्याशी नातं उरलं ते नैराश्याचं आणि वैवाहिक स्थितीचं. म्हणजे नुसत्या शुगरच्या रिपोर्टवर नजर ठेवून भागणार नव्हतं.

अलीकडे एक नवा पैलू जोडला गेला. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांची पेटंटं संपली आणि २०२० नंतर त्या स्वस्त होत गेल्या. हृदयाला, मूत्रपिंडाला त्या फार उपयोगी. पण योनीत बुरशी होण्याचं प्रमाण त्यांनी वाढतं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला खाज सुटली, तर ती बोलणार कुणाशी? आधी सांगितलेलं असेल तर ती स्वच्छता पाळेल, वेळीच मलम घेईल. नाहीतर गोळी परस्पर बंद करेल, किंवा नवऱ्याला टाळत राहील.

उपचार बरेचसे साधे आहेत. साखर आटोक्यात आणणं, संसर्ग पुरता बरा करणं, संबंधांच्या वेळी वंगण वापरणं, पाळी गेलेल्यांना डॉक्टरी सल्ल्याने इस्ट्रोजेनचं मलम, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. नैराश्य असेल तर त्यावर इलाज. आणि त्यासाठीच्या काही गोळ्यांनीच इच्छा मंदावते, तेव्हा गोळी बदलून पाहणं. नवऱ्यालाही बोलावून समजावणं. 'आता या वयात काय' हे वाक्य मात्र डॉक्टरांनी औषधासारखं लिहून देऊ नये.

भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने दिला. त्यांत बायका काही थोड्याथोडक्या नाहीत. त्यांचे डोळे, पाय, मूत्रपिंड तपासायची शिस्त आपण लावली, ती मोठी कमाई आहे. आता आशाताईच्या त्या फॉर्मात दोन ओळी वाढवाव्यात : संबंधांच्या वेळी त्रास होतो का, आणि त्याबद्दल बोलायचं आहे का. सोलापुरात हे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमधूनही विचारावं लागेल. आणि 'हो' म्हणणाऱ्या बाईला कोणत्या खोलीत, कुणाकडे पाठवायचं, हे विचारण्याआधीच ठरवून ठेवावं लागेल.