कोलिमाचा दुसरा मतदारसंघ

मेक्सिकोच्या प्रतिनिधिगृहात ५०० सदस्य असतात. त्यांपैकी ३०० थेट मतदारसंघांतून निवडले जातात, उरलेले २०० पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात येतात. थेट जागांचा ३०० हा आकडा १९७७च्या सुधारणेने ठरला आणि १९७९च्या निवडणुकीपासून तो बदललेला नाही. लोकसंख्या वाढते, माणसे शहरांकडे सरकतात, म्हणून सीमा मात्र पुनःपुन्हा आखाव्या लागतात.

पॅसिफिक किनाऱ्यावरचे चिमुकले कोलिमा राज्य याचे बोलके उदाहरण आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे ७,३१,३९१ लोक होते. देशातील सर्वांत कमी. प्रत्येक राज्याला किमान दोन मतदारसंघ मिळतात, कोलिमाला तेवढेच आहेत. दुसऱ्याचे मुख्य ठिकाण मान्सानिओ हे मोठे बंदर. तेकोमान, आर्मेरिया हा किनारपट्टीचा मुलूख त्याच्याशी जोडलेला असतो. पहिला मतदारसंघ राजधानी कोलिमाभोवतीचा.

राज्यात अवघे दहा मुनिसिपिओ, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखे स्थानिक घटक. त्यांतला कोकिमातलान जेमतेम वीस हजार वस्तीचा, पण तो कोणत्या बाजूला घालावा यावर दोन्ही मतदारसंघांचा समतोल हलतो. ही आखणी सरकारकडे नसून राष्ट्रीय निवडणूक संस्थेकडे आहे, आणि तेच योग्य. राज्याच्या सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ती चालवून घेते. येथून निवडून येणाऱ्या प्रतिनिधीची मुदत तीन वर्षांची असते.