छातीतली ती गाठ: मुलांनो, घाबरू नका

आज मी अशा विषयावर बोलणार आहे, ज्यावर वर्गात हसतात आणि घरी कुणी बोलतच नाही.

मुलगे साधारण ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान वयात यायला लागतात. मिसरूड आणि फुटलेला आवाज सगळ्यांना दिसतो, पण ते नंतरचं. पहिली खूण म्हणजे अंडकोषांची वाढ.

मग मधल्या काळात जवळपास निम्म्या मुलांना निपलखाली छोटी गाठ लागते. कधी एकाच बाजूला. शर्ट घासला तरी दुखते. पोरगा पोहायला जाणं बंद करतो, खांदे पाडून चालतो. मनात एकच प्रश्न: ‘मी मुलगी होतोय का?’

नाही रे! टेस्टोस्टेरॉनसोबत थोडं इस्ट्रोजेन प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतंच. वयात येताना दोघांचा तोल काही काळ ढळतो आणि तिथली ग्रंथी वाढते. याला म्हणतात गायनेकोमास्टिया. बहुतेकांची गाठ ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जाते. मलम लावू नका. आणि पुशअप्सनी ती जात नाही, कारण ती चरबी नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? गाठ भराभर वाढली, निपलमधून पाणी आलं किंवा २ वर्षांनंतरही तशीच राहिली तर. १४ पूर्ण होऊनही अंडकोष वाढले नसतील, तरीही दाखवा.

तुमचा धाकटा भाऊ टी-शर्ट काढायला लाजतोय? चिडवू नका. हा एपिसोड त्याला गुपचूप पाठवा.