गावाकडचा आवाज मोजायचा कोणी, आणि त्याला पैसे द्यायचे कोणी?

गणपती विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ठरलेली बातमी असते. अमुक चौकात एवढे डेसिबल, तमुक चौकात तेवढे. पुण्यात लक्ष्मी रोडवरचे हे आकडे इंजिनिअरिंग कॉलेजचे (सीओईपी) विद्यार्थी आणि शिक्षक रात्रभर उभं राहून घेतात. गेली वीसेक वर्षं हे काम चालू आहे. काही वर्षी सरासरी शंभर डेसिबलच्या पुढे गेली, काही वर्षी खाली आली. पण मागच्या वर्षीचा आकडा हातात असतो, म्हणून यंदा वाढलं की कमी झालं हे तरी सांगता येतं.

तालुक्याच्या गावात काय? मिरवणूक तीच, डीजे तोच. कधी कधी तर शहरात परवानगी नाही म्हणून गावाकडे आलेला. पण आकडा नसतो. 'लई आवाज होता' एवढंच. आणि 'लई' हा शब्द ना पोलिसांच्या पंचनाम्यात चालतो, ना डॉक्टरांच्या अहवालात.

ही उणीव वरपासूनची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये आवाज चोवीस तास मोजणारं जाळं सुरू केलं. त्यात ७ महानगरांत मिळून ७० केंद्रं झाली, महाराष्ट्रातलं शहर एकच, मुंबई. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाबद्दल सविस्तर निकाल दिला आणि आवाजाचे नकाशे तयार करायला सांगितलं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 'नीरी'कडून ते काम करून घेतलं, तेही २७ महापालिकांच्या शहरांचं. नगरपंचायती, बाजाराची गावं, वाड्यावस्त्या या नकाशात नाहीत.

नियम मात्र सगळीकडे सारखाच लागू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर राज्य सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. कायद्यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. गावातली शाळा हायवेला लागून असली तरी हेच आकडे.

नुसता डीजे नव्हे

आवाजाचा विषय निघाला की चर्चा डीजेवर येते आणि तिथेच अडकते. डीजे वर्षातले काही दिवस. रोजचा आवाज वेगळाच असतो आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही, कारण तो पोटापाण्याचा आवाज आहे. पिठाची गिरणी, खडी क्रशर, मळणी यंत्र, केबिन नसलेला ट्रॅक्टर, यंत्रमागाचं शेड. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर रात्री-बेरात्री लावलेली गाणी. आणि चौकाचौकात सायलेन्सर काढून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेट.

यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे, असा जाणकारांचा साधा ठोकताळा आहे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात ९० डेसिबलला आठ तास चालतात आणि दर पाच डेसिबलमागे वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतली कामगार आरोग्य संस्था 'नायॉश' याच १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं सुरक्षित मानते. एवढा फरक. त्यातून चार-सहा कामगारांची शेडं कारखाना कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत, त्यामुळे तिथे मोजायला कोणी जातच नाही.

डेसिबलचं गणित सरळ नसतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट. '८५ आणि ९५ मध्ये काय एवढं' असं म्हणणाऱ्याला हे सांगावं लागतं.

नुकसान हळू होतं. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातो तो उंच पट्टीतला आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट कळत नाहीत. घरचे म्हणतात, 'लक्षच देत नाही.' कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होणं हाही त्याचाच भाग. कानापलीकडचा त्रास म्हणजे झोपमोड आणि दीर्घकाळात रक्तदाब व हृदयविकाराचा वाढलेला धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्त्यावरच्या वाहतुकीची शिफारस केली ती रात्री ४५ डेसिबलच्या खाली राहण्याची.

एका शाळेतला अभ्यास

छोट्या संशोधनाने काय होतं, हे बघायला न्यूयॉर्कमधली एक जुनी गोष्ट उपयोगी आहे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एक सरकारी प्राथमिक शाळा. तिच्या एका बाजूने उंचावरून लोकल रेल्वे जायची, दर चार-पाच मिनिटांनी. गाडी आली की त्या बाजूच्या वर्गात शिक्षकांना थांबावं लागायचं. पालक वैतागून कोर्टात जायच्या तयारीत होते. त्यातल्या एक आई कॉलेजात शिकत होत्या आणि त्यांच्या प्राध्यापिका होत्या मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट.

ब्रॉन्झाफ्ट यांनी केलं ते इतकंच. शाळा एक, शिक्षक तेच, मुलं त्याच वस्तीतली. रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतल्या मुलांचे वाचनाचे गुण आणि पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांचे गुण शेजारी शेजारी ठेवले. गुण शाळेच्या दप्तरात आधीच होते. १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहावीपर्यंत पोचेस्तोवर रेल्वेच्या बाजूची मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली होती.

त्यानंतर रेल्वेने रुळांखाली रबराच्या पट्ट्या बसवल्या, शिक्षण मंडळाने वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लावलं. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तर दोन्ही बाजूंच्या मुलांतला फरक उरला नव्हता.

यात नवं मशीन नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. शाळा, पालक आणि एक अभ्यासक एकत्र आले आणि प्रश्न नेमका विचारला गेला. राज्य महामार्गाला चिकटून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आपल्याकडे कमी नाहीत. रस्त्याच्या बाजूचे वर्ग आणि मागच्या बाजूचे वर्ग तिथेही आहेत.

लंडनच्या डेप्टफर्ड भागातही असंच झालं. भंगार यार्डाच्या आवाजाने तिथली एक वस्ती हैराण होती. २००८ च्या सुमारास युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी रहिवाशांच्या हातात साधे मीटर आणि नोंदीचे तक्ते दिले. लोकांनी स्वतः मोजलं, वेळ लिहिली, कसा आवाज तेही लिहिलं. इतके दिवस 'तुमची तक्रार आहे हो, पण पुरावा कुठाय' म्हणणाऱ्या यंत्रणेला त्या तक्त्यांची दखल घ्यावी लागली.

कोण कोण लागतं

तालुका पातळीवर असा अभ्यास करायचा तर चार जण पुरे. मोजायला जवळचं सायन्स किंवा इंजिनिअरिंग कॉलेज. कान तपासायला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांना ऑडिओमीटर आणि माणसं देण्याची तरतूद आहे. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तशीही वर्षातून एकदा शाळेत येतात आणि ऐकण्यातला दोष हा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. चौथा भागीदार गाव: ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, मागवाल्यांची संघटना.

खर्चाचा मोठा भाग मीटर. सर्वसाधारण मोजणीला 'क्लास २' दर्जाचा मीटर लागतो आणि सोबत कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला ९४ डेसिबलचा आवाज काढून मीटर बरोबर दाखवतोय का हे तपासणारं छोटं उपकरण. बाकी प्रवास, विद्यार्थ्यांचं मानधन, कान तपासणीचा दिवस. काही लाखांत वर्षभराचं काम उरकतं. मोबाईलवरची ॲप फुकट आहेत. 'नायॉश'चं आयफोनवरचं ॲप त्यातल्या त्यात भरवशाचं मानतात. पण प्रत्येक मोबाईलचा माईक वेगळा, म्हणून ॲपवर जागा हेराव्यात आणि अहवालातले आकडे मीटरचेच द्यावेत.

पैसा कुठून

खरी अडचण इथे आहे. संशोधनाला पैसे देणाऱ्या मोठ्या संस्था मोठे प्रकल्प मागतात: पीएचडी झालेला प्रमुख, सुसज्ज प्रयोगशाळा, तीन वर्षांचा आराखडा. तालुक्याचं कॉलेज त्या रांगेत उभंच राहू शकत नाही. दोन-तीन लाखांच्या कामासाठी वेगळी दारं ठोठवावी लागतात.

सगळ्यात जवळचं दार उन्नत महाराष्ट्र अभियान. उच्च व तंत्र शिक्षण विभागाने आयआयटी मुंबईच्या साथीने २०१६ मध्ये हे सुरू केलं. कल्पना अशी की जिल्हा प्रशासनाने आपले प्रश्न स्थानिक कॉलेजांकडे अभ्यासाला द्यावेत आणि त्याचा मोबदला द्यावा. पाणी, शेती यांचे अभ्यास या वाटेने झाले आहेत. आवाजाचा प्रश्न या चौकटीत अगदी बसतो, पण तो प्रशासनाकडून 'आमचा प्रश्न' म्हणून यावा लागतो. त्यासाठी कोणीतरी आधी जिल्हाधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला हवा. केंद्राच्या उन्नत भारत अभियानातही प्रत्येक सहभागी कॉलेजने किमान पाच गावं घ्यायची असतात. आपल्या तालुक्यातली गावं कोणत्या कॉलेजकडे आहेत हे ग्रामपंचायतीलाच ठाऊक नसतं, असा अनुभव बऱ्याच ठिकाणी येतो.

दुसरं दार जिल्हा वार्षिक योजनेतला नावीन्यपूर्ण योजनांचा निधी. दरवर्षी योजनेचा छोटा हिस्सा यासाठी बाजूला असतो. इथे संस्थेला थेट पैसे मिळत नाहीत, प्रस्ताव सरकारी कार्यान्वयन यंत्रणेमार्फतच जातो. म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शिक्षणाधिकारी सोबत हवेत. मार्चअखेरीला धावपळीत दिलेले प्रस्ताव बहुधा खरेदीचे निघतात आणि त्यात संशोधन मागे पडतं, हे उघड गुपित आहे.

वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिसरा मार्ग खुला होतो. आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना १९७९ पासून आहे. एमबीबीएस, बीडीएसचा विद्यार्थी मार्गदर्शकासोबत दोन महिन्यांचा अभ्यास करतो आणि विद्यावेतन मिळवतो. चाळीस-पन्नास माग कामगारांच्या कानांची तपासणी दोन महिन्यांत सहज होते.

राहिला सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा, उलाढाल किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. आरोग्य, पर्यावरण आणि सरकारी विद्यापीठांतलं विज्ञान संशोधन त्यात बसतं. मात्र सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, त्यामुळे त्याला हा कायदा लागू नाही. तिथे संचालक मंडळाची मर्जी. आणि ज्या क्रशर किंवा मिलच्या आवाजाचा अभ्यास करायचा, त्याच मालकाचे पैसे घेऊ नयेत. अहवाल कितीही खरा असला तरी गाव विश्वास ठेवणार नाही.

प्रस्ताव कुठे फसतो

पहिली चूक सगळीकडे सारखी: 'तालुक्यातील ध्वनिप्रदूषणाचा अभ्यास' असं भलंमोठं नाव. त्यातून चार चौकांत चार दिवस मोजलेले आकडे निघतात आणि अहवाल कपाटात जातो. त्याऐवजी रस्त्याकडेच्या तीन शाळा, किंवा एका पेठेतली वीस शेडं, एवढंच घ्यावं. दुसरी चूक, फक्त मिरवणुकीच्या रात्री मोजणं. साध्या दिवसाचा आकडा नसेल तर मिरवणुकीने किती वाढवला हे कळणार कसं?

माणसांचे कान तपासायचे तर नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते, मुलांच्या बाबतीत पालकांची. हे कागद नंतर करता येत नाहीत. कामगाराचं नाव अहवालात येता कामा नये. कान गेलेत असं कळल्यावर मालक कामावरून काढेल ही भीती खरी आहे आणि तेवढ्यासाठी अनेक जण तपासणीला येत नाहीत. ज्यांना दोष निघेल त्यांना पुढे कुठे पाठवायचं, हेही आधी ठरलेलं असावं. श्रवणयंत्रासाठी दिव्यांग सहाय्याच्या योजना आहेत, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. कान तपासला, कागदावर लिहिलं आणि माणसाला घरी पाठवलं, असं झालं तर पुढच्या वर्षी त्या पेठेत कोणी दार उघडणार नाही.

वेळापत्रकाचंही एक आहे. शाळांचा अभ्यास करायचा तर मोजणी जूनच्या गडबडीत नको, परीक्षेच्या महिन्यातही नको. दिवाळीनंतरचे दोन महिने बरे. पण त्याच दिवसांत उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणजे त्या भागात आवाज एरवीपेक्षा जास्त निघेल. म्हणून हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, त्याच वर्गात त्याच वेळी दुसरी मोजणी घ्यावी लागेल. मीटरची खरेदी तोवर लटकली तर वर्ष गेलंच. त्यामुळे नवा घेण्याआधी जवळच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागात किंवा पोलीस ठाण्यात एखादा मीटर पडून आहे का, हे विचारून घेतलेलं बरं.