घड्याळाची पारख

मनगटावरचे घड्याळ ही एके काळी मोठ्या मानाची वस्तू होती. परीक्षेत चांगले यश मिळविणाऱ्या मुलाला वडील घड्याळ घेऊन देत. लग्नात जावयाला घड्याळ मिळे. निवृत्त होणाऱ्या कारकुनाला त्याचे सहकारी निरोपसमारंभात घड्याळच भेट देत. आज वेळ पाहण्यासाठी घड्याळच हवे असे नाही. ती खिशातील मोबाइलवरही दिसते. तरीसुद्धा जुनी, किल्लीची घड्याळे हौसेने शोधणारे आणि जिवापाड जपणारे संग्राहक पुष्कळ आहेत. संग्रह करावयाचा तर गाठीला पैसा हवा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पैशाहूनही अधिक हवी असते ती पारख.

भारतीय संग्राहकांच्या विशेष आवडीची घड्याळे म्हणजे एच. एम. टी.ची. ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ या सरकारी कंपनीने जपानमधील ‘सिटिझन’ कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे मनगटी घड्याळांचा कारखाना उभारला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’, ‘कोहिनूर’ अशी तेथील घड्याळांची नावे घरोघरी परिचित झाली. बोटांनी काटे चाचपून अंध व्यक्तींना वेळ कळावी, अशीही घड्याळे एच. एम. टी.ने तयार केली.

‘जनता’ घड्याळाला बॅटरी लागत नसे. रोज ठरावीक वेळी त्याला किल्ली दिली की, आतील पोलादी स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाई. मग ती दिवसभर हळूहळू उलगडत राही. तिच्या जोरावर दातेरी चाके फिरत, आणि एक नाजूक चक्र मागेपुढे हेलकावे घेऊन त्यांच्या गतीला शिस्त लावी. अशा घड्याळात सेकंदाला पाच ठोके पडतात. तीच त्याची टिकटिक. पुढे क्वार्ट्‌झ घड्याळे आली. त्यांतील स्फटिक बॅटरीच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही घड्याळे अधिक अचूक चालत, आणि त्यांना किल्ली देण्याचा खटाटोपही नसे. त्यांच्यापुढे किल्लीची घड्याळे मागे पडली. २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या वस्तूकडे काल कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, तिचा शोध आता सुरू झाला.

पूर्वी असा शोध पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात घ्यावा लागे. तेथे घड्याळ हातात घेता येई, कानाशी धरता येई, किल्ली फिरवून पाहता येई. आता बरीचशी खरेदी इंटरनेटवरून होते. कोल्हापूरच्या संग्राहकाला दिल्लीच्या विक्रेत्याकडील घड्याळ घरबसल्या दिसते. ही सोय मोठीच. परंतु तिच्यात एक उणीव आहे. ग्राहकाला दिसते ते घड्याळ नव्हे, तर घड्याळाचे चित्र! वस्तू हाती येते ती पैसे मोजून झाल्यानंतर.

नवखा संग्राहक येथेच फसतो. पन्नास वर्षांचे घड्याळ कालच दुकानातून आणल्यासारखे लखलखत असते. तबकडी गर्द निळी किंवा लालभडक, काटे चमकदार आणि किंमतही बेताची! त्याला ते पाहताच भुरळ पडते. वस्तुतः पुष्कळदा त्या घड्याळाची मूळ तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढविलेला असतो, नाव पुन्हा छापलेले असते आणि काटे दुसऱ्याच एखाद्या घड्याळाचे असतात. अशा सजविलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात. आपल्या राज्याच्या राजधानीचे नाव अशा कारणाने प्रसिद्ध व्हावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

जाणता संग्राहक मात्र चकाकीला भुलत नाही. तो प्रथम तबकडीवरील अक्षरे मोठी करून पाहतो. कारखान्यातील छपाई रेखीव असते. पुन्हा छापलेली अक्षरे पुष्कळदा जाड, पुसट किंवा वाकडी दिसतात. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोहोचतो की आखूड पडतो, हे तो तपासतो. अंधारात चमकणारा लेप तबकडीवर काळाने पिवळा पडलेला आणि काट्यांवर मात्र ताजा दिसला, तर काटे बदलले असावेत, असा तो तर्क करतो. जुन्या जाहिरातींतील चित्रांशी तो रंग ताडून पाहतो. कारखान्याने त्या रंगाची तबकडी कधी काढलीच नसेल, तर संशय बळावतो. मागचे झाकण उघडून आतील यंत्राचे छायाचित्र पाठवावे, घड्याळाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवावा, अशी विनंती तो विक्रेत्याला करतो. प्रामाणिक विक्रेता हे आनंदाने करतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्या वाटेला संग्राहक जात नाही. वस्तू परत करण्याची सोय आहे की नाही, हेही तो पैसे देण्यापूर्वीच पाहून घेतो.

मग जुने घड्याळ दुरुस्त करून विकणे हा अपराध आहे काय? मुळीच नाही. बंद पडलेल्या यंत्रात पुन्हा प्राण फुंकणारा कारागीर आदरासच पात्र आहे. रंगविलेली तबकडी रंगविलेली म्हणून सांगितली आणि ग्राहकाने ती जाणूनबुजून घेतली, तर त्यात फसवणूक कसली? दोष दुरुस्तीत नसतो. तो लपवण्यात असतो.

या बाबतीत ‘ईबे’ या प्रसिद्ध ऑनलाइन बाजाराची हकिकत बोधप्रद आहे. १९९५ साली पियेर ओमिड्यार यांनी अमेरिकेत हा बाजार सुरू केला. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे त्यांचे स्वतःचे मोडके लेझर पॉइंटर. वस्तू मोडकी असल्याचे त्यांनी आधीच सांगितले होते. तरीही तिला गिऱ्हाईक मिळाले! ओमिड्यार यांनी आश्चर्याने विचारणा केली, तेव्हा आपण मोडकी लेझर पॉइंटरच जमवितो, असे त्या गृहस्थाने कळविले. वैगुण्य उघडपणे सांगितले म्हणून विक्री अडली नाही. उलट दोघांचेही समाधान झाले.

खऱ्या संग्राहकाला ओरखडे पडलेल्या, कडेने पिवळसर झालेल्या तबकडीचे वावडे नसते. त्या ओरखड्यांत कोणा शिक्षकाचे, कोणा गिरणीकामगाराचे किंवा कोणा परिचारिकेचे कष्टाचे दिवस साठलेले असतात. मूळ तबकडी एकदा खरवडली की तो इतिहास कायमचा पुसला जातो. कितीही पैसे मोजले तरी तो परत येत नाही. म्हणूनच झगमगत्या तबकडीपेक्षा खरी तबकडी त्याला अधिक मोलाची वाटते. असे घड्याळ तो हाती घेतो, हलकेच किल्ली देतो आणि कानाशी धरतो. कित्येक वर्षे मुकी असलेली ती टिकटिक पुन्हा ऐकू येते, तेव्हा आपल्या पारखीचे चीज झाले, असे त्याला वाटते.